निवळ

टाळकुटेश्वर पुलाच्या खालच्या अंगाला
जिथे शेवटची पायरी कधीच सुकत नाही
तिथे मी चमच्याने शेवाळ खरवडते.
धुणं आपटणारी बाई विचारते,
काय गं, औषधाला का?
अजून नाही, मी म्हणते.

पाय घसरला की आठवतं, एरवी कुणाला काय शेवाळाचं.
काचेखाली मात्र मण्यांच्या माळा,
निळसर हिरवे मणी,
मधेच एखादा मोठा, फिकट,
तसबीहमधला इमाम असावा तसा.
माणूस नव्हता तेव्हापासून
ही माळ कुणाचंही नाव न घेता सरकते आहे.

गंगापूर रोडच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर
हजेरीपटात माझं नाव : झारेकरी रेहाना हुसेन.
नवे सर विचारतात, झारेकरी म्हणजे नेमके कोण?

म्हणजे सराफ बाजार उघडायच्या आधी
दुकानांपुढची धूळ ब्रशने गोळा करायची,
गटारात कोपरापर्यंत हात घालायचा,
घमेलं हलवत राहायचं.
हलकं वाहून जातं, जड बसतं.
अब्बांचं सगळं विज्ञान एवढंच,
आणि त्यावर माझी फी भरली गेली.

मी उलट करते.
सिल्व्हर नायट्रेटचे पांढरे खडे
पाण्यात असे विरघळवते
की चांदी होती याचा पुरावा उरू नये.
मग शेवाळाचा गाळलेला काढा,
मग खिडकीतलं ऊन.
डब्याच्या वेळेला पिवळट,
चारला फिका चहा,
दिवे लागताना कोरा, कडक.
हा रंगच चांदी.
केसाच्या जाडीत हजारो कण ओळीने बसतील.
(मार्चमध्ये तीनदा रंग आलाच नाही.
चौथ्यांदा का आला, तेही मला नीट माहीत नाही.)

डबीत जंतूंची साय धरलेली.
त्यावर भिजवलेली कागदाची टिकली ठेवली,
सकाळी टिकलीभोवती निवळ वर्तुळ.
चौदा मिलिमीटर.
मोबाइलवरचा फोटो अब्बांनी लांब धरून पाहिला.
चांदी कुठंय?
दिसत नाही, अब्बा.
मग वजन कसं करता?

त्यांच्या करंगळीच्या पेरात एक जखम आहे,
गटाराने दिलेली. भरते, पुन्हा उकलते.
लाव की तुझं ते पाणी, म्हणाले.
डबीतलं खरं मांसात खरं असेलच असं नाही,
हे मला त्यांच्या भाषेत सांगता आलं नाही.
सिव्हिलला नेलं, मलम आणलं,
रबरी हातमोजे घेऊन दिले.
दोन दिवस घातले त्यांनी.
हाताला कळत नाही गं, म्हणाले,
जड काय ते.

आणखी एक गोष्ट वहीत आहे, भाषणात नसते :
उरलेलं पाणी मी एकदा
जिवंत शेवाळाच्या बरणीत टाकून पाहिलं.
आठवड्यात बरणी पांढुरकी पडली.
ज्याच्या काढ्यातून चांदी घडली त्यालाही ती सोडत नाही.
म्हणून मोरीत काही ओतायचं नाही.
मोरी नाल्याला, नाला गोदेला,
आणि गोदेत ती शेवटची पायरी.

पाच लिटरचा कॅन भरला. रविवारी अब्बा आले,
लिफ्ट नको म्हणून जिन्याने,
पिशवीत खड्याच्या मिठाचा पुडा.
विचारलं नाही, वास घेतला, मूठभर टाकलं.
कॅनमध्ये दही विरजल्यासारखं
काहीतरी पांढरं, करडं, हळूहळू खाली.
थांब, म्हणाले. घाई केलीस की उठतं.
आम्ही थांबलो. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

वरचं पाणी निवळलं, तळ गाळून वाळवला,
काट्यावर ठेवला.
शेवटचे दोन आकडे ठरेचनात,
मागे पुढे, मागे पुढे.
अब्बा टेबलावर हात टेकून उभे होते,
करंगळी जराशी उचललेली.
हात काढा, असं मी म्हणाले नाही.